सोबतचा माणूस

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. थोरलीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, धाकटीचा विमा कंपनीत साहेब होता. भाऊ भाऊ असून दोघांचे संसार शहराच्या दोन टोकांना, आणि जावांची गाठ पडायची ती कुणाच्या लग्नात, नाहीतर कुणाच्या दवाखान्यात. थोरली म्हणायची, सासरकडून आम्हा दोघींना सारखी वाटणी एकाच गोष्टीची मिळाली, आतड्याच्या कॅन्सरची. खरं तर त्याचा सासरशी काडीचा संबंध नव्हता. पण ती हे इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगायची की ऐकणारा आधी हसायचा आणि मग कुठं बघावं ते त्याला कळायचं नाही.

थोरलीचं ऑपरेशन आधी झालं, मोठ्या सरकारी इस्पितळात. धाकटीचं त्याच वर्षी, काही महिन्यांनी, खासगी हॉस्पिटलात. दोघींच्या मोठ्या आतड्याचा रोगट तुकडा कापून काढला, उरलेली टोकं जोडली, दोघींनी केमोच्या बाटल्या लावून घेतल्या, दोघींचे केस विरळ झाले आणि परत आले. घरी सोडताना दोन्हीकडच्या डॉक्टरांनी जवळजवळ तेच सांगितलं. तुम्ही आता बऱ्या आहात, पण हा रोग परत डोकं वर काढू शकतो. वर्षभरानं दुर्बिणीनं आतून तपासायचं आणि पुढंही काही वर्षांच्या अंतरानं तपासत राहायचं. लवकर सापडलं तर तिथल्या तिथं निस्तरता येतं.

इथपर्यंत दोघींचं सारखं चाललं.

धाकटी शाळेत शिकवायची. वर्ष भरत आलं तसा हॉस्पिटलातून एका मुलीचा फोन आला, मॅडम, तुमची तपासणी जवळ आली, कुठला वार सोयीचा? धाकटीनं वार सांगितला, शाळेत रजेचा अर्ज टाकला, आदल्या दिवशी घरी बसून पोट साफ करायचं औषध प्यायली आणि नवऱ्याच्या गाडीतून जाऊन आली. भूल दिल्यामुळं तिला काही कळलंसुद्धा नाही. जागी झाली तेव्हा डॉक्टरांनी आतड्याचे रंगीत फोटो दाखवले. सगळं स्वच्छ. तिनं थोरलीला फोन करून सांगितलं की ताई, माझं आतडं माझ्या स्वयंपाकघरापेक्षा चकचकीत आहे.

थोरली लॉन्ड्रीत होती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथं गाड्या भरभरून यायच्या. ती रोलरवर असायची. दोघी बायकांनी ओल्या चादरीचे दोन कोपरे धरायचे, झटकून सरळ करायचे आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी द्यायचे. तो चादर गिळायचा आणि पलीकडं कडक, गरम अशी सोडायचा. हात जरा वाकडा पडला की चादरीला चुणी, आणि जरा पुढं गेला की हाताला फोड. थोरलीच्या हाताला रोलरचा असा अंदाज बसला होता की ती कडेच्या बाईशी गप्पा मारत मारत काम उपसायची. या कामाचा तिला अभिमान होता. म्हणून तिथं तिनं कॅन्सरचं नाव काढलं नव्हतं. हर्नियाचं ऑपरेशन झालं एवढंच सांगितलं होतं, आणि केमोच्या काळात गावाला सासूच्या आजारपणाला गेले होते म्हणाली होती. सासू जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मेल्यावर तरी कामाला आली, असं ती नवऱ्याला म्हणाली.

कामावर फोन कपाटात बंद ठेवावा लागायचा. इस्पितळातून तिला फोन आला की नाही, देव जाणे. तिला स्वतःलाच वर्ष भरल्याची आठवण होती. एक सुट्टी टाकून ती खिडकीवर रांगेत उभी राहिली, तारीख मिळवली, आणि तारखेच्या आदल्या दिवशी औषध प्यायली. त्या खारट, गुळगुळीत पाण्याचे तांबेच्या तांबे घशाखाली उतरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी, लटपटत्या पायांनी इस्पितळात पोचली, तर दारातल्या नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे? सोबत कुणीच नव्हतं. नवरा ट्रक घेऊन परराज्यात, मूलबाळ नाही. नर्स म्हणाली, भूल दिल्यावर एकटं सोडता येत नाही, सोबतचा माणूस असल्याशिवाय आत घेत नाही. थोरली म्हणाली, मग भूल देऊ नका. नर्सनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुसऱ्या खेपेला तिनं नवऱ्याची फेरी बघून तारीख घेतली. या वेळी माणूस होता, पण आदल्या दिवशीची सुट्टी मिळाली नाही. औषध कामावरून आल्यावर घेतलं. त्यांच्या मजल्यावर चार बिऱ्हाडांत एक संडास होता. एरवी त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, पण त्या संध्याकाळी शेजारचे आजोबा दाराबाहेर काठी आपटत उभे राहिले आणि पलीकडची सून दोनदा विचारून गेली की मावशी, बरं वाटत नाही का? लाजेनं तिचा जीव अर्धा झाला. उरलेलं औषध तिनं मोरीत ओतलं. सकाळी दुर्बीण घातली तर आत काही धड दिसेना, म्हणून डॉक्टरांनी अर्ध्यातून थांबवलं. पोट साफ नाही, पुन्हा या.

पुन्हा म्हणजे पुन्हा खिडकी. खिडकी सकाळी उघडायची आणि थोरलीची कामाची पाळीही सकाळीच असायची. ती आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. पोट दुखत नव्हतं, भूक लागत होती, चादरी येत होत्या. धाकटीनं एका लग्नात सगळ्यांसमोर विचारलं, ताई, झाली का तपासणी? थोरलीनं झाली म्हणून सांगितलं. दोनदा जाऊन आले होते, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. आणि खरं सांगायचं तर धाकटीपुढं पडतं घ्यायचा तिला कंटाळा आला होता. ऑपरेशनच्या वेळी दिरानं खासगी हॉस्पिटलात न्या म्हणून गळ घातली होती आणि तिच्या नवऱ्यानं मानेनंच नको म्हटलं होतं. तेव्हापासून आजाराचा विषय निघाला की दोन्ही घरं जरा सांभाळून बोलायची.

अशी आणखी काही वर्षं गेली. धाकटीची दुसरी तपासणी झाली, तीही चांगली निघाली. पुढच्या रविवारी ती फळांची पिशवी घेऊन थोरलीकडं आली. नवरा फेरीवर होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि धाकटी म्हणाली की पुढच्या खेपेपासून आपण दोघींनी एकाच आठवड्यात तारीख घ्यावी, म्हणजे एकमेकींना धीर येईल. तुमची दुसरी कधी आहे?

थोरली कपबशा विसळत होती. तिनं पाणी बंद केलं.

"माझी पहिलीच झालेली नाही," ती म्हणाली.

धाकटीला आधी वाटलं, ही नेहमीसारखी चेष्टा. मग तिचा चेहरा बदलला. थोरलीनं हात पुसत पुसत सगळं सांगितलं, नर्सचं, संडासाचं, खिडकीचं. सांगताना तिला वाटलं होतं त्याहून ते फार लहान निघालं. एवढ्याएवढ्या गोष्टी. डोंगर कुठं आडवा आला नव्हता.

"मला एक फोन करता आला नाही तुम्हाला?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "मी आले नसते का सोबत?"

"आली असतीस. पण तुला तारीख घरी चालत येते गं. मला ती रजा मोडून, रांगेत उभं राहून आणावी लागते, आणि त्यावर आणखी तुझे उपकार कुठं घेऊ? तुला मी सांगितलं असतं, तर तू भावजींना सांगितलं असतंस, भावजी यांना बोलले असते, आणि हे चार दिवस जेवले नसते."

धाकटीनं आपल्या हॉस्पिटलात न्यायची गोष्ट काढली, खर्चाची काळजी करू नका म्हणाली. थोरलीनं मान हलवली. माझं आतडं ज्यांनी शिवलंय त्यांनाच ते बघू दे, म्हणाली. खरं कारण तेवढंच नव्हतं हे दोघींना माहीत होतं, पण धाकटीनं ताणलं नाही.

"मग मी काय करू ते तरी सांगा."

थोरलीनं थोडा विचार केला. "एक दिवस तुझा संडास दे," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी बाहेर बाकावर बस. बाकीचं मी बघते."

धाकटीला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं.

तारीख मात्र आपण आणू, असा धाकटीनं हट्ट धरला. शाळेला उशिरा येते असं कळवून ती भल्या सकाळी खिडकीवर गेली. शाळेत ती पोरांना रांगेत उभं करायची. त्या दिवशी स्वतः उभी राहिली. खिडकीपाशी नंबर लागला तेव्हा आतला कारकून शांतपणे म्हणाला की ज्याची तपासणी त्यानंच यायचं, आधी डॉक्टर बघणार, मग तारीख. धाकटीनं पेशंट कामावर आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बाई, या रांगेतले सगळेच कामावर आहेत. तिनं मागं वळून पाहिलं तर खरंच होतं. कुणाच्या अंगावर वॉचमनचा गणवेश, कुणाच्या हातात डबा. संध्याकाळी तिनं थोरलीला फोन करून हे सांगितलं. आवाज इतका पडलेला होता की थोरलीलाच तिची समजूत काढावी लागली.

म्हणजे तीन दिवस हवे होते: एक खिडकीचा, एक औषधाचा, एक तपासणीचा. एवढी रजा हर्नियाच्या जोरावर मिळणार नव्हती. थोरली सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेली आणि सरळ सांगून मोकळी झाली की तेव्हा मला कॅन्सर झाला होता, तो परत आलाय का ते बघायचंय.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिन्ही दिवसांची रजा मंजूर केली. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "मला हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही. इतकी वर्षं तापलेल्या रोलरवर उभं केलं मी तुम्हाला."

"मी कुठं कुरकुर केली?"

"तसं नाही. पण आता मला कळलंय. उद्या तुम्हाला तिथं काही झालं तर वरचे मला विचारतील."

आणि त्यानं तिला घड्या घालायच्या टेबलावर टाकलं. तिथं पंखा होता, बसायला स्टूल होतं, आणि दिवसभर टॉवेलांच्या घड्या. तिच्या जागी रोलरवर एक नवी मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिनं चार चादरींना चुण्या पाडल्या. थोरली टेबलावरून बघत राहिली. भीती होती तेच झालं होतं, आणि ते करणाऱ्यानं चांगुलपणानंच केलं होतं, त्यामुळं भांडायचं तरी कुणाशी? घरी येऊन ती त्या दिवशी प्रथमच रडली. कॅन्सर कळला तेव्हाही ती रडली नव्हती.

तारीख मिळाली. आदल्या दिवशी सकाळी ती धाकटीकडं गेली. दीर पेपर वाचत होता. वहिनींना बघून उठला, काय बोलावं ते न सुचून त्यानं न्हाणीघरात नवा साबण ठेवल्याचं सांगितलं आणि मित्राकडं निघून गेला तो संध्याकाळपर्यंत आला नाही. थोरली म्हणाली, बिचाऱ्याला घराबाहेर काढलं मी. धाकटी म्हणाली, असू द्या हो, सुट्टीच्या दिवशी असाही तो पायातच घोटाळतो.

औषध तेच होतं, खारट आणि गुळगुळीत. पण धाकटीला त्याच्या खाचाखोचा ठाऊक होत्या. तिनं ते बर्फात थंड केलं, मधूनमधून लिंबाची फोड चोखायला दिली, खुर्ची संडासाच्या दारापाशी ओढून दिली. कुणी काठी आपटली नाही. दिवसभर थोरली उठत होती, बसत होती, आणि मधल्या वेळात दोघी बोलत होत्या. इतकी वर्षं जावा असून दोघी असं कधी बसल्या नव्हत्या. धाकटीनं सांगितलं की प्रत्येक तपासणीच्या आधीचा महिना तिला झोप लागत नाही. फोटो चकचकीत आले तरी घरी येऊन ती पोटावर हात ठेवून पडते. थोरलीला हे नवीन होतं. तिला वाटायचं, धाकटीला सगळं सोपं जातं.

"मला तर आठवणसुद्धा यायची नाही," थोरली म्हणाली. "उलट बरं चाललं होतं माझं. कळत नव्हतं तोवर."

"आणि आता?"

"आता भीती वाटते," असं म्हणून ती पुन्हा आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघी इस्पितळात पोचल्या. तपासणीच्या खोलीबाहेर लांब बाक होता. थोरलीच्या शेजारी एक गवंडी बसला होता, पन्नाशीचा, नखांत चुना बसलेला, पोट रिकामं झाल्यामुळं ओठ कोरडे पडलेले. बोलता बोलता कळलं की त्याचंही तेच ऑपरेशन, दोन वर्षांमागं. नर्सनं त्याचं नाव पुकारलं, सोबत कोण आहे विचारलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला की बायको गावाला, भाऊ येणार होता पण त्याला कामावरून सोडलं नाही. नर्सनं कागद बाजूला ठेवला. पायातली चप्पल नीट करून तो निघालाच होता.

थोरलीनं त्याचा सदरा मागून धरला. मग नर्सला म्हणाली, "ही माझी जाऊ. ही त्यांच्याही सोबत आहे."

धाकटी दचकली. नर्सनं तिच्याकडं पाहिलं. थोरलीनंही पाहिलं, आणि त्या पाहण्यात विनवणी नव्हती, नुसतं बघणं होतं.

"हो," धाकटी म्हणाली. "मी दोघांची आहे."

"एका माणसाला दोन पेशंट? भुलीत असतात बाई, झोकांड्या जातात."

"माझ्या वर्गात पन्नास पोरं आहेत, आणि ती भुलीतही नसतात," धाकटी शाळेतल्या आवाजात म्हणाली. "कुठं सही करायची?"

नर्सनं दोन कागद पुढं केले.

त्या दुपारी धाकटीनं काय काय केलं ते थोरलीला नंतर ऐकून कळलं. भुलीच्या तारेत गवंडी तिला सारखं ताईसाहेब म्हणत होता आणि थोरली कुणाला तरी चादर सरळ धर म्हणून दटावत होती. एका टॅक्सीत दोघांना दोन्ही खिडक्यांशी बसवून धाकटी मध्ये बसली. गवंड्याला त्याच्या भावाच्या खोलीवर पोचवलं, शेजारणीच्या ताब्यात दिलं, आणि मग जावेला घरी आणलं.

आठवड्यानं थोरली डॉक्टरांसमोर बसली, शेजारी धाकटी. डॉक्टर तरुण होती. तिनं सांगितलं की आत दोन पॉलिप सापडले, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेले मांसाचे कोंब. एक बारीक होता, एक मोठा. दोन्ही दुर्बिणीतूनच कापून काढले. मोठ्याचा रिपोर्ट आला होता. कॅन्सर झालेला नव्हता, पण त्याच वाटेवर होता. आणखी वर्ष दोन वर्षं राहिला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. मग डॉक्टरनं जुने कागद चाळले आणि विचारलं की तुम्ही मध्ये इतकी वर्षं का आला नाहीत? इथं लिहिलंय, पहिल्या वेळी रुग्ण हजर नाही. दुसऱ्या वेळी रुग्णानं तयारी केली नाही.

"दोन्ही वेळा आले होते," थोरली म्हणाली. "पहिल्या वेळी दारातूनच परत पाठवलं, सोबत माणूस नव्हता म्हणून."

डॉक्टरनं पुन्हा कागद पाहिला. तसं इथं काही लिहिलेलं नाही, म्हणाली. मग तिनं त्या ओळीपुढं पेननं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते थोरलीनं विचारलं नाही. पुढच्या वर्षी परत यायचं होतं.

बाहेर आल्यावर धाकटीनं जिन्यातच तिला मिठी मारली. थोरली म्हणाली, सोड, लोक बघतायत, पण स्वतः हात काढला नाही. नवऱ्याला फोन लावला तेव्हा तो कुठल्याशा धाब्यापाशी गाडी उभी करून बसला होता. त्यानं इंजिन बंद करून सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की धाकट्याला माझ्याकडून सांग, बरं झालं म्हणून. थोरली म्हणाली, तुमचा भाऊ आहे, तुम्हीच सांगा. त्यानं सांगितलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या फेरीहून आल्यावर तो भावाकडं जेवून आला.

रोलर काही परत मिळाला नाही. तिनं दोनदा विचारून पाहिलं, सुपरवायझर दोन्ही वेळा बघू म्हणाला. नव्या मुलीला हळूहळू जमायला लागलं. थोरलीनं जेवणाच्या सुट्टीत तिला कोपरे कसे धरायचे ते दाखवलं, पण टेबलावर बसणं तिला शेवटपर्यंत आवडलं नाही.

गवंड्याचं तितकं बरं निघालं नाही. जोडाच्या जागी परत गाठ आली होती. पण लहान होती. पुन्हा ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर त्याला सारख्या तपासण्या मागं लागल्या. त्याचा भाऊ एकदा यायचा, दोनदा यायचा नाही. पुढच्या तपासणीची तारीख मिळाल्यावर गवंड्यानं धाकटीला फोन केला, पण शाळेत परीक्षा चालू होत्या. धाकटीनं थोरलीला कळवलं. थोरलीनं सुट्टीचा अर्ज दिला. कारण काय, असं सुपरवायझरनं विचारलं तेव्हा म्हणाली, नात्यातला माणूस आहे.

ती बाकावर बसली होती. मांडीवर गवंड्याची पिशवी, पायाशी त्याच्या चपला. तो आत जाऊन बराच वेळ झाला होता. पिशवीतला फोन वाजायला लागला, वाजत राहिला, म्हणून तिनं तो काढून कानाला लावला. पलीकडं त्याची बायको होती, गावाहून बोलत होती, आणि अनोळखी बाईचा आवाज ऐकून घाबरली होती.

"घाबरू नका," थोरली म्हणाली. "ते आत आहेत. मी बाहेर बसलेय त्यांच्यासाठी. तुम्ही जेवलात का?"